सासूबाईंची डोली

ही वही कुणी उघडलीच तर वाकड्या अक्षराची अन् चुकांची माफी असावी. माझी शाळा चौथीपर्यंतच.

आज गुडघ्याला निलगिरीचं तेल चोळताना सासूबाई आठवल्या. अर्धापूरहून आम्हा बायकांचं दोन दिवसांत अजिंठ्याची लेणी बघून यायचं ठरत होतं. "म्हातारीला डोंगर चढणं होत न्हाई," म्हणून जीपवाल्यानं माझ्याकडून डोलीचे पैसे आधीच घेतले होते.

सासूबाई आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारासमोर जीपवाल्याला म्हणाल्या, "मोज रे!" अन् गुडघ्याच्या तेलाचा वास दरवळवत विहाराच्या गच्चीचा जिना पाच वेळा चढल्या-उतरल्या.

"बस करा, मावशी! बघूनच दमलो."

"मग डोलीत तूच बस, लेका!"

तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं; आज तो जिना आठवला की मान ताठ होते. जीपवाला हसत सुटला. मी हात पुढे केला, अन् त्यानं डोलीचे सगळे पैसे परत दिले.