बुजवलेली विहीर

आमच्या बाला कालव्याचं पाणी चढलं होतं, दुसरं काही नाही. घाटावरच्या धरणातलं पाणी वीजघरातून सुटायचं, कालव्याने कर्जतच्या पुढे आमच्या शेतात यायचं आणि भर उन्हाळ्यात दुसरं भात पिकायचं. मग विहीर कशाला हवी? बाने ती दगडमातीने बुजवली, काठचा उंबर तोडला, बांध सरकवले आणि वर भात लावलं. बुजवायच्या वेळी आई आडवी आली. "आवो, ऱ्हाऊ द्या. कालव्याचा काय भरोसा?" तर त्याने तिच्या माहेरची तांब्याची घागर उचलून विहिरीत भिरकावली. "जा, भर पानी!" सगळे गडी हसले. मी तेव्हा रांगत होते. हे मला आत्याने सांगितलं, तेही हसत.

बारा-तेरा वर्षांनी घाटमाथ्यावर सलग दोन पावसाळे हात आखडून पडले. पौषात कालव्याला पाणी होतं म्हणून बाने भात लावलं. होळीला धरणाने तळ गाठला आणि कालवा कोरडा पडला. भात पोटरीत आलेलं, लोंब्या फुटायच्या बेतात. आणखी महिनाभर पाणी मिळतं तर वर्षाचा तांदूळ घरात येता.

बा पहार घेऊन शेतात गेला. पण विहीर नक्की कुठे? खुणेचा उंबर नाही, जुने बांध नाहीत, तेव्हाचे गडी पांगलेले आणि आत्या लांब सासरी. पाणी भरणं बायकांचं काम. त्याने जन्मात कधी पोहरा धरला होता? उभं भात कापून त्याने एक खड्डा खणला, मग दुसरा, मग तिसरा. नुसता मुरूम लागला.

"आये, तुला ठावं हाय. सांग की गं!" मी तिचे पाय धरले.

ती ओटीवर तांदूळ निवडत होती. "मला नाय आठवत."

खोटं! साफ खोटं! डोळे बांधून सोडली असती तरी गेली असती.

चौथ्या दिवशी बा स्वतः तिच्यापुढे येऊन उभा राहिला. हातातली पहार त्याने ओटीला टेकवली. तिने सूप झटकलं आणि आत गेली.

भात वाळलं. पुढचा सगळा पावसाळा आम्ही पातळ आंबिलीवर काढला, तिनेही. मला तिचा राग आला होता, अजून येतो. बाचा त्याहून जास्त येतो.

वाळल्या भातात गुरं सोडली त्या दिवशी आम्ही सगळे बांधावर उभे होतो. आई पदर खोचून शेतात उतरली, नीट चालत गेली आणि बाच्या दुसऱ्या खड्ड्यापासून चार हातांवर थांबली. तिथे तिने टाच आपटली.

"हितं व्हती. काढा आता माझी घागर."