भोंग्यावरून मागितलेला न्याय

देवाच्या धीराचा मला फार राग यायचा. तो दयाळू आहे, मंदक्रोध आहे, हे लहानपणापासून ऐकत आले होते आणि पाढे शिकवावेत तितक्या खात्रीने इतरांना सांगतही आले होते. पण माझ्या यजमानांच्या कबरीपाशी नांगर येऊन टेकला, तेव्हा तो मंदपणा मला सोसवेना. माणसाने किती वाट पाहायची? अन्याय उघड्यावर चाललेला, करणारा रोज समोरून जाणारा, वर ‘काय बाई, बरं हाय का’ म्हणून विचारणारा, आणि वरचा न्यायाधीश स्वस्थ. मी प्रार्थनेला गुडघे टेकायचे ते जवळजवळ भांडायलाच.

आमच्या गावात, डिंगोऱ्यात, आम्हा ख्रिस्ती लोकांची घरं मोजकीच. ओढ्याच्या कडेला दफनभूमीची एक चिंचोळी पट्टी आहे. महादू आबांच्या वडिलांनी ती आमच्या लोकांना तोंडी दिलेली, कागद कधी झाला नाही. पट्टीला लागून आबांचं शेत आणि मध्ये बांध. बांध कोरणं ही आमच्याकडची जुनीच खोड, तिला कोणी चोरी म्हणत नाही. दर नांगरटीला वीतभर आत सरकायचं आणि कोणी विचारलंच तर नांगर आपला सरळ चालला म्हणायचं. सख्खे भाऊ एकमेकांचा बांध कोरतात, तिथे मेलेल्यांचा कोण सोडतो? आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, नव्वदच्या दशकात गेले. त्यांना तिथे ठेवलं तेव्हा त्या बांधावरून बैल आरामात जायचा. पुढच्या काही वर्षांत तिथे शेळीला पाय ठेवायला जागा उरली नाही. आणि मग एका उन्हाळ्यात, हरभरा निघाल्यावर आबांनी भाड्याचा ट्रॅक्टर आणला, आणि कबरीच्या पायथ्याचे दगड उपटले गेले.

मी आबांना गाठलं. ते म्हणाले, “बाई, जमीन काय चालत आली का माझ्याकडं? आन् मास्तर काय तक्रार करायला येत न्हाईत.” हसले वर. मी घरी आले आणि दुपारचा चहासुद्धा घेतला नाही.

ते ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे दिवस होते. दर बुधवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असायची आणि जुन्नरहून पाळकसाहेब मोटारसायकलवर यायचे. त्या वर्षी त्यांनी देवाचा कोप हाच विषय लावून धरला होता. पाप देव विसरत नाही, त्याचा न्याय चुकत नाही, असं ते टेबलावर हात आपटून सांगायचे. इतर बायका चुळबुळ करायच्या, मी मात्र पुढे बसून माना डोलवायचे, कारण प्रत्येक वाक्य महादू आबांच्या मापाचं शिवल्यासारखं बसत होतं. शेवटी साहेब वधस्तंभाकडे वळायचे. तो कोप प्रभूने स्वतःवर कसा झेलला ते सांगायचे आणि पश्चात्ताप करा म्हणायचे. तोवर माझं लक्ष उडालेलं असायचं. तो भाग इतरांसाठी होता, अशी माझी समजूत.

आमच्या तरुण मंडळींना त्या वर्षी भलताच उत्साह. गावात सगळ्यांच्या कार्यक्रमाला भोंगा लागतो, मग आपल्याच सभा मुक्या का, म्हणून त्यांनी जुना माईक आणि एक भोंगा पैदा केला आणि सभा असेल त्या घराच्या पत्र्यावर तो बांधायचे. एरवी प्रार्थनेच्या वेळी वीज हमखास जायची. त्या बुधवारी नेमकी गेली नाही. एकेक जण प्रार्थना करत होता, माईक हातोहात फिरत माझ्याकडे आला, आणि मी डोळे मिटले ते सगळं विसरूनच. मी प्रभूला म्हटलं, महादू आबा माझ्या माणसाला मातीतही सुखाने राहू देत नाहीत. त्यांचा हात थांबव. तुझा कोप त्यांना दिसू दे. आणि आमेन म्हणताना मला माझाच आवाज वेशीकडून परत आलेला ऐकू आला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आबा त्या बांधावरून चालले होते. कोरून कोरून त्यांनीच तो सुरीच्या धारेसारखा केलेला. पायाखाली ढासळला, आबा ओढ्यात आपटले आणि उजवा हात मोडला.

खरं सांगते, ऐकल्याबरोबर पहिल्यांदा मला बरं वाटलं. मग मात्र गावाने माझा जीव नकोसा केला. दुकानदार मला बघून आधी माल द्यायला लागला. नळावर बायका बाजूला सरकू लागल्या. वाटेत कोणी भेटलं की हात जोडून ‘बाई, आमचं काय चुकलं आसंल तर’ असं सुरू. पाळकसाहेबांना तर आनंद झाला. त्यांनी मला पुढच्या सभेत साक्ष द्यायला, म्हणजे देवाने काय केलं ते चारचौघांत सांगायला सांगितलं. मी म्हटलं, “साहेब, बांध ढासळला. मातीचा होता.” ते म्हणाले, “बाई, मातीसुद्धा त्याचीच.”

मग एका सकाळी आबांच्या पत्नी हिराबाई आल्या. ओट्यावर टेकल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, “बाई, तुमी मागितलं ते मागं घ्या.”

मी त्यांना समजावलं की आमचा देव असा कोणाच्या सांगण्यावरून हात मोडत नाही.

“मंग तुमी मागितलं कशाला?”

हिराबाई रडू लागल्या. आबा दवाखान्यात जायला तयार नव्हते. देवानं मोडलेला हात डाक्टर काय बसवणार, म्हणत टॉवेलच्या झोळीत हात घालून बसून होते. हात सुजून निळा पडला होता. बोटं हलत नव्हती. कोणी म्हणालं होतं की असाच राहिला तर हात जाईल. “जसं भोंग्यावर मागितलं तसंच भोंग्यावर मागं घ्या,” त्या म्हणाल्या. “सगळ्या गावानं ऐकलंय. त्येंनी बी ऐकलंय.”

मी वैतागून उठले. हे लोक माझ्या प्रार्थनेला करणी समजतात, आता मी उतारा पण करायचा, असं पुटपुटत आबांकडे गेले. त्यांना चार खडे शब्द सुनावून गाडीत बसवायचं ठरवलं होतं. आबा ओसरीत भिंतीला टेकून होते. मला बघून उठायला लागले, जमलं नाही. म्हणाले, “बसा बाई. मी कोरला बांध. बापानं दिल्याली जागा व्हती, आन् मी मेल्या माणसाची माती वढली. झालं ते बराबर झालं. तुमच्यावर माजा राग न्हाई.”

मी त्यांच्याकडून हेच तर वदवून घ्यायचं म्हणत होते. आणि आता ते ऐकून माझा तोल गेला. हा माणूस असा बिनतक्रार कबूल होऊन बसला, आता मी कोणाशी भांडू? तिथे त्या ओसरीत मला लख्ख कळलं की त्यांचा पश्चात्ताप मला कधीच नको होता. त्यांना मार बसावा एवढंच मी मागत होते. इतके बुधवार साहेब पश्चात्तापासाठी ज्याला हाक मारत होते तो माणूस देवाकडे परत आला होता, साहेबांचं एक वाक्य नीट न ऐकता. आणि पुढच्या रांगेत माना डोलवणारी मी तिथेच बसलेली. मला लाज वाटली, आणि त्या लाजेचाही राग आला.

बुधवारची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. मी पोरांना त्याच दुपारी भोंगा बांधायला लावला. माईक हातात घेतला. एरवी मला प्रार्थनेला शब्द कमी पडत नाहीत, त्या दिवशी एकही धड येईना. शेवटी म्हटलं, प्रभू, मी तुझ्याकडे न्याय मागितला नाही, सूड मागितला. त्या माणसाने त्याचं पाप कबूल केलं, मी माझं आता करते. मला क्षमा कर. त्याचा हात राहू दे. आणि मग मला राहवलं नाही. त्याच प्रार्थनेत, त्याच माईकवर, मी म्हटलं, “आणि आबा, आता गुमान दवाखान्यात चला.”

घटकाभरात दारात जीप उभी. आबा पुढे बसलेले, कपाळ घामाने भिजलेलं. “बाई, तुमी बी चला. डाक्टरला तुमीच सांगा काय ते.” मी घराला कडी लावून तशीच जीपमध्ये त्यांच्या शेजारी बसले. आळेफाट्याकडचा तो रस्ता तेव्हा सगळा खड्ड्यांचा. प्रत्येक हिसक्याला आबा कळवळायचे, म्हणून मी त्यांचा हात दोन्ही हातांनी मांडीवर धरून ठेवला. जो हात थांबव म्हणून मी देवाला सांगितलं होतं, तो इतका जड असेल असं वाटलं नव्हतं.

ओतूर मागे पडल्यावर आबांनी विचारलं, “बाई, मास्तरांना राग आला आसंल का हो?”

“मास्तर कुठे रागवायचे, आबा. राग माझा.”

“ते म्हाईत हाय गावाला,” आबा म्हणाले, आणि दुखत असताना हसले. मीही हसले. मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते दवाखाना येईपर्यंत थांबलं नाही. देवाला मी इतकी वर्षं ओळखते म्हणायचे, पण तो माझ्या इतक्या जवळ बसलाय असं त्या जीपमध्ये पहिल्यांदा वाटलं.

डॉक्टर आम्हा दोघांवरही खेकसले, पण हात वाचला. जरा वाकडा बसला, तरी आबा त्याने भाकरी मोडून खायचे. पुढच्या नांगरटीला ट्रॅक्टर बांधापासून लांबच वळला. आबांचं ऋण मी मानते, आणि माझी प्रार्थना माझ्या मनासारखी न ऐकणाऱ्या प्रभूचं तर फारच.

गाव मात्र सुधारलं नाही. अजूनही कोणी ना कोणी दारात येतं. भावाने विहिरीचं पाणी तोडलं, जावेने तोंड टाकलं, बाई, एकदा तुमच्या देवाच्या कानावर घालाच. मी चिडते, चहा देते आणि म्हणते, घालते की. पण तिथे आधी सांगणाऱ्याची चौकशी होते, चालेल का? बहुतेक जण चहा संपवून उठतात.