कापून टाकलेले एकोणचाळीस सेकंद

पंख्याच्या जळालेल्या मोटरींना नवी तार गुंडाळून देणाऱ्या त्या माणसाला सगळे 'रेडिओ' म्हणत. नाव शाळेतच पडलं होतं. बोलताना तो अडखळायचा. 'क' आणि 'प' ही अक्षरं तर हात धुऊन त्याच्या मागे लागलेली. "याचं स्टेशन लागत नाही रे," असं वर्गात कुणीतरी म्हणालं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे वयाच्या चोपन्नाव्या वर्षापर्यंत त्यानं दुकानाचा कारभार शक्यतो मानेनंच चालवला.

अशा माणसानं एके दिवशी जेवता जेवता जाहीर केलं, "मी प… प… पॉडकास्ट काढणार आहे. अडखळणाऱ्यांसाठी."

बायकोनं ताटातून मान वर केली. "अहो, निदान दुसऱ्या अक्षराचं काहीतरी काढा की!"

तोच आधी हसला. पण माघार घेतली नाही. गेल्याच आठवड्यात घरोघर टपाल वाटणारी एक बाई पंखा घेऊन दुकानात आली होती. तीही त्याच्यासारखीच अडखळणारी. दोघं तासभर बोलले आणि एकानंही दुसऱ्याचं वाक्य घाईनं पुरं केलं नाही. असा तास त्याच्या वाट्याला पहिल्यांदाच आला होता.

परगावी नोकरी करणाऱ्या लेकीनं त्याला फोनवरून एडिटिंग शिकवलं. "बाबा, आवाजाची लाट दिसते ना? ती खाली बसते तिथेच कापा, नाहीतर टक् असं वाजेल. आणि मूळ रेकॉर्डिंगची कॉपी आधी बाजूला ठेवा."

पहिलं त्यानं मन लावून ऐकलं. दुसरं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं.

पहिला भाग टपालवाल्या बाईचा. आवाज घुमू नये म्हणून रजया टांगलेल्या घरातल्या आतल्या खोलीत तिनं स्वतःचं नाव सांगितलं, त्याला एकोणचाळीस सेकंद लागले.

दुसऱ्या दिवशी तो कापायला बसला. स्वतःचं अडखळणं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच दिसत होतं: कंगव्याच्या दातांसारख्या बारीक, दाट रेघा. निवडायच्या, कापायच्या, टोकाला टोक जोडायचं. केसाएवढी तार गुंडाळणाऱ्या हातांना हे काम चटकन जमलं. आणि मग त्याला चेवच चढला. संध्याकाळपर्यंत दोघंही बातम्या वाचल्यासारखे सरळ बोलत होते. त्यानं सेव्ह केलं आणि कौतुकानं भाग तिला पाठवून दिला.

ती दुसऱ्याच दिवशी दुकानात हजर. खांद्यावरची थैली तिनं खालीसुद्धा ठेवली नाही.

"यातली बाई क… कोण आहे?"

"तुम्हीच की."

"मी नाही. अनोळखी लोकांना ऐकवायला मी पहिल्यांदाच माझं नाव अर्ध्यात न सोडता सांगितलं होतं. त… तुम्ही ते कचऱ्यात टाकलंत. मला विचारलंत तरी का?"

"परत ज… जोडतो," तो म्हणाला खरा. पण जोडणार काय? मूळ रेकॉर्डिंगवरच कात्री चालवलेली. तसं त्यानं सांगितल्यावर ती थैली सावरत निघून गेली.

त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. उभा जन्म लोक त्याचे शब्द तोडत आले होते. आज तेच त्यानं केलं होतं, वर शाबासकीची वाट पाहत होता. बायको म्हणाली, "सोडून द्या आता." तो म्हणाला, "न… नाही."

आठ दिवस तो स्वतःच्या आवाजावर सराव करत राहिला. दाराची घंटा आणि कुकरची शिट्टी कापायची, शब्दाला हात लावायचा नाही. आधी कॉपी, मग कात्री. नवव्या दिवशी टपाल निवडायच्या वेळेला तो पोस्टाच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

"चूक माझी. प… प… परत याल?"

तिनं शब्द पुरा होईपर्यंत वाट पाहिली. "येईन. पण कापताना मी शेजारी बसणार."

दुसऱ्या वेळी गंमत झाली. तिचं नाव दोन सेकंदांत सुळकन बाहेर आलं. दोघं एकमेकांकडे बघतच राहिले.

"आता मुद्दाम अडखळू की काय?" ती म्हणाली.

"छे! जसं आलं तसं."

मग पहिल्या रेकॉर्डिंगचं काय झालं, हे तिनं माइकसमोरच न लाजता सांगून टाकलं. त्याची चूक तोंडावर सांगताना 'कात्री' या शब्दावर ती तब्बल वीस सेकंद अडकली. कापायला बसल्यावर तिथे थांबून त्यानं शेजारी तिच्याकडे पाहिलं. तिनं 'नको' अशी मान हलवली, आणि ते वीस सेकंद जागेवरच राहिले.

पहिल्या आठवड्यात तो भाग अकरा जणांनी ऐकला. बाराव्यानं आवाजातच निरोप पाठवला: एक मिनिट नुसता श्वास, सुटू पाहणारं एक अक्षर आणि शेवटी "म… मलाही बोलायचंय." रेडिओनं निरोपाची कॉपी बाजूला ठेवली, पाहुण्यांच्या यादीत दुसरी ओळ लिहिली आणि त्याला फोन लावला.