आंब्यावरचं बाशिंग

काशीदला राहून समुद्राकडे पाठ करून बसणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच, आणि तो माझ्या आत्याचा नवरा. आमच्या घरात कॉलेज शिकलेली पहिली मीच, तेही बॉटनी घेऊन, हे मी कुणी न विचारता सांगते. पण नेचा दिसला की आतोबांसारखं बेभान होणं मला काही जमलं नाही.

आत्या घरच्या दोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने देते. पाहुणे खांद्यावर टॉवेल टाकून लाटांकडे निघाले की आतोबा वाटेत आडवे. “समुद्र काय पळून चाललाय? पहिला हा बघा!” मग विहिरीच्या कडेचा नेचा उलटा करून पानामागचे तपकिरी ठिपके दाखवणार. “फूल न्हाय, बी न्हाय, नुसती भुकटी! वाऱ्यावर सोडायची आणि ओल मिळेल तिथं संसार मांडायचा!” एकदा पुण्याच्या एका नव्या जावयाच्या काळ्या शर्टावर त्यांनी चंदेरी नेच्याचं पान असं दाबलं की पाठीवर पांढरी नक्षी उमटली. त्याची बायको हसून लोळली. तो मात्र नाश्ता न करताच खोली सोडून गेला. त्या दुपारी आत्याने आतोबांना मासळीऐवजी नुसती आमटी वाढली.

पण त्यांचा खरा जीव अंगणातल्या आंब्यावरच्या बाशिंगात. हा नेचा मातीत पाय ठेवत नाही. फांदीला चिकटतो आणि बुडाशी तपकिरी, वाळक्या पानांची ओंजळ धरतो. वरून पडलेला पालापाचोळा तिच्यात कुजतो, तीच याची माती! उन्हाळ्यात हिरवी पानं गळून तेवढी तपकिरी उरतात, आणि बघणाऱ्याला वाटतं, मेलं.

आत्यालाही तेच वाटलं. त्यात आंबा धरेनासा झाला होता, त्याचा दोषही तिने बाशिंगालाच दिला. बागवाले बांडगूळ काढतात, तसं तिनेही आतोबा अलिबागला गेलेले बघून कोयतेवाल्याला झाडावर चढवलं. आतोबा परतले तेव्हा बाशिंग अंगणात पडलेलं.

“अगो, बांडगूळ झाडाचं रक्त पितं! हे बिचारं नुसतं बसलेलं!”

“बसलेले तर तुम्ही पण हायात. तुम्हाला काढलं काय मी?”

एरवी अशा टोमण्यावर खो खो हसणारे आतोबा हसले नाहीत. जुन्या जाळ्याच्या तुकड्याने त्यांनी तो गड्डा पुन्हा फांदीला बांधला आणि बोलणंच टाकलं. नेच्यांबद्दलसुद्धा! पाहुणे बिनधोक समुद्रावर जाऊ लागले आणि आत्याला घर खायला उठलं. तिने मला फोन केला, “तू शिकलेली हायस गो. जगंल काय ते?”

“गड्डा आतून ओला असला तर जगेल,” मी म्हटलं. खात्री मलाही नव्हती.

श्रावणात मी काशीदला गेले. आतोबांचे गुडघे आता शिडीला तयार नाहीत, म्हणून पदर खोचून मीच चढले. जाळं बाजूला केलं आणि काय सांगू! तपकिरी लवेतून करंगळीएवढं कोवळं पान, टोक आत वळवून, वर येत होतं! माझा निकाल लागला तेव्हाही छातीत असं धडधडलं नव्हतं.

“कोंब आला काय गो?” खालून पहिली आत्याच ओरडली.

“आला! आत्या, आला!”

 आतोबांनी चष्मा काढला. दोघं माना वर करून उभी होती, आणि आत्याने त्यांचा दंड घट्ट धरला होता. वरून दोघं फार लहान दिसत होती, आणि फार म्हातारी. मी उतरायची घाई केली नाही.