लाल रेघ न आलेला शब्द

अमडापुरात माझा दवाखाना चांगला जमल्यावर आम्ही कॉम्प्युटर घेतला. तोवर मोठ्या दवाखान्यात पाठवायच्या पेशंटची पत्रं मी हातानंच लिहायची. आता टायपिंगसाठी गावातल्याच एक ताई ठेवल्या.

पहिलंच पत्र लाल रेघांनी भरून गेलं. आजाराचं नाव, औषधाचं नाव, सगळंच मशीनला चूक वाटे. ताई बिचकून ते सुचवेल तो शब्द घ्यायच्या, आणि माझ्या पेशंटला भलताच आजार व्हायचा.

मग औरंगाबादच्या माझ्या वर्गमैत्रिणीनं वैद्यकीय शब्दांची डिक्शनरी असलेल्या फ्लॉप्या पाठवल्या. सोबतचं माहितीपत्रक वाचून मी एकेक फ्लॉपी घातली आणि डिक्शनरी बसवली. बहुतेक रेघा गेल्या. हिमोग्लोबिन, ॲनिमिया अशा काही शब्दांखाली मात्र राहिल्या. डिक्शनरी अमेरिकन होती. तिला त्यांच्या इंग्रजी स्पेलिंगमधल्या ‘एई’तला ‘ए’ नको होता. बदलू का, असं ताईंनी विचारलं. मी नाही म्हटलं. नागपूरच्या कॉलेजात शिकलेलं ब्रिटिश स्पेलिंगच माझ्या पत्रात राहणार होतं. ते शब्द आम्ही आमच्या हातानं डिक्शनरीत घातले.

पुढच्याच आठवड्यात जवळच्या खेड्यातली एक बाई गळ्याची गाठ दाखवायला आली. तपासणीत निघालं, थायरॉइड वाजवीपेक्षा जास्त काम करत होता. ती पार वाळून गेली होती. तिला औरंगाबादला पाठवायचं ठरलं. पत्र तयार झालं, एकही लाल रेघ नाही. तिच्या नवऱ्याला एसटी गाठायची होती, म्हणून ताईंनी सहीची घाई केली. मी तरी वाचलं. ‘हायपर’च्या जागी ‘हायपो’ पडलं होतं, म्हणजे नेमका उलटा आजार.

ताईंचा विश्वास बसेना. “पन मॅडम, लाल रेघ तं आलीच नाही.”

“दोन्ही शब्द खरेच आहेत, ताई. हिले कोणता आजार झाला, ते मशीनले काय मालूम?”

पत्र दुरुस्त होईस्तोवर एसटी गेली. नवरा कुरकुरला, मी त्यांना चहा पाजून दुसऱ्या गाडीनं पाठवलं. त्या दिवसापासून ताई प्रत्येक पत्र छापायच्या आधी मला वाचून दाखवू लागल्या. इंग्रजी अडखळत वाचायच्या, पण एक अक्षर सोडायच्या नाहीत.

दिवाळीनंतर ती बाई ऑपरेशन होऊन आली. अंगानं भरली होती. कापूस वेचायला जाऊ का, एवढंच तिला विचारायचं होतं. मी म्हटलं, जा.