दोन साड्यांवर एक मोफत

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी पत्र्याची पेटी एस.टी.च्या टपावर चढवली, दोरी ओढून पाहिली आणि खाली येऊन खिडकीपाशी उभे राहिले. धरणगावचा स्टँड, चैत्रातलं ऊन, धुळ्याची गाडी. मला तिथल्या एका सूतगिरणीत हिशेबनिसाची नोकरी लागली होती. निघताना आबा नोकरीबद्दल चार शब्द सांगतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "बजार दखीसन काही लेऊ नको. घरमा काय सरनं ते दखीसन ले." बाजार बघून नव्हे, घरात काय संपलंय ते बघून घ्यायचं, एवढंच. तेवढ्यात कंडक्टरनं बेल मारली.

सुरतेला, नाशिकला, पुण्याला गेलेली आमच्याकडची मंडळी माझ्या या स्थलांतराला हसतील. धुळं म्हणजे काय लांब! पण रोज संध्याकाळी ज्या ओट्यावर बसायचो तो ओटा सुटला, म्हणजे माणूस गाव सोडून गेलाच.

धुळ्यात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. लग्न झालं. शैला जळगावची, शहरात वाढलेली, बोलायला मोकळी. मी बाजाराला निघालो की आधी सगळ्या डब्यांची झाकणं उघडून बघायचो; गावी आबांचा हाच रिवाज होता. शैला म्हणायची, "डाळीला विचारून घ्या, काही निरोप आहे का तिचा." पण तीही हळूहळू झाकणं उघडायला लागली. दोन मुलं झाली. खर्च पगाराच्या आत राहिला, आणि त्याचा मला अभिमान होता हे कबूल करतो.

नव्वद साल उलटलं तसा धुळ्याचा बाजाररस्ता, आग्रा रोड, बदलला. पूर्वी दुकानदार गिऱ्हाइकाची वाट बघत बसायचे, आता रस्त्यावर कापडी फलक आले: सेल, ऑफर, जुना पंखा द्या नवा न्या, मिक्सर हप्त्यावर. आमच्या ऑफिसात एकानं स्वस्त मिळाल्या म्हणून दोन सुटकेस घेतल्या. त्याला कुठं जायचं होतं ते त्यालाही सांगता येईना.

त्याच सुमारास एका हिवाळ्यात आबा गेले. गावच्या घराला कुलूप लावून आईला मी धुळ्याला आणलं. आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, जवळ आली. खानदेशात आखाजीला सासरी गेलेली मुलगी माहेरी येते. भावानं तिला आणायला जायचं, ती आली की तिला दुकानात न्यायचं आणि तिच्या पसंतीनं साडी घ्यायची. आबा असेपर्यंत माझी थोरली बहीण, अक्का, सावद्याहून दरवर्षी यायची. पण या वर्षी तिचा निरोप आला, की कामं फार आहेत, जमेलसं वाटत नाही. सावद्याला त्यांच्या केळीच्या बागा. कामं तर दरवर्षीच असायची.

तेव्हाच लग्नसराईचा सेल लागला. दोन साड्यांवर एक मोफत. शैला म्हणाली, "तीन घेऊन ठेवू. एक या आखाजीला, एक पुढच्या, एक त्याच्या पुढच्या. अक्कांना देणं तर चुकत नाही ना आपल्याला?" मी आकडेमोड केली. तेच पैसे बँकेत ठेवून येणारं व्याज धरलं, भाव वाढतील तेही धरलं. तिचं बरोबर होतं. दुकानातले शेठजी म्हणाले, "साहेब, आखाजी काय एकदा येऊन थांबणारे का?" तीन साड्या बाजूला काढायला सांगून मी पैसे आणायला घरी आलो.

आई तांदूळ निवडत होती. मी मोठ्या हौसेनं सगळा हिशेब तिला समजावून सांगितला. तिनं मान वर केली नाही. "तीन साड्या आतेच लिशी, मंग पुढला साले तिले लेवाले कसाले जाशी? टपालमा धाडी दे."

शैला आतून म्हणाली, "सासूबाई, तसं नाही हो..." थोड्या वेळानं तीच बाहेर येऊन मला म्हणाली, "राहू द्या. साड्या घरात असल्या की अक्कांना आणायला जायचं राहूनच जाईल. तुम्ही सावद्याला जाऊन या."

शेठजींना नको म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "परवा सेल संपतोय, मग पूर्ण भाव पडेल." मी म्हटलं, पडू द्या.

दुसऱ्या दिवशी धुळ्याहून जळगाव, तिथून नशिराबाद, भुसावळ करत सावद्याला पोचलो. अक्कानं पाणी दिलं आणि समोर बसली. बराच वेळ बागेचं, पाण्याच्या पाळीचं बोलली. मग म्हणाली, "आबा नही, गावनं घर बंद. भाडानी खोलीमा कसानं माहेर, भाऊ?"

आई धुळ्यात होती, माझ्याकडं तेवढंच होतं. मी म्हटलं, "माय तठे शे ना." ती उठली, आत गेली. बऱ्याच वेळानं पिशवी घेऊनच बाहेर आली.

आखाजीला आबांच्या नावानं घागर भरली. पुरणपोळी, आमरस. पानं घेतली तेव्हा आई म्हणाली, "तुम्ही जेवी ल्या, मी मांगेथीन जेवस." अक्कानं एकदा मांडणीकडं पाहिलं. जेवणारे सहा, आणि आमच्याकडं ताटं पाचच होती. आम्ही दोघं, मुलं, आई. लागतील तेवढीच घ्यायची, म्हणून पाच. माझ्या हिशेबात घरात राहणारी माणसं होती, घरी येणारं माणूस नव्हतं.

संध्याकाळी तिला साडीला घेऊन गेलो. शेठजींनी ढीग उपसला. अक्कानं दोन-चार पदर हातात घेतले, खाली ठेवले. "मन्हं कपाट भरेल शे, भाऊ. साडी नको."

"मंग काय लेऊ?"

"ताट."

भांड्याच्या दुकानातही सेल होताच. दुकानदार म्हणाला, "ताई, सहाचा सेट घ्या, वर डबा फ्री."

"सहा जणी कोठून आणू? येणारी मी एकलीच शे."

एक ताट घेतलं, पूर्ण भावानं. त्यावर नाव घालायला सांगितलं. दुकानदारानं विचारलं, "सासरचं पूर्ण नाव सांगा." ती म्हणाली, "नुसतं अक्का टाका. त्या घरात एवढं पुरतं." घरी येऊन तिनं ते स्वतः घासलं आणि मांडणीत आईच्या ताटाशेजारी लावलं. सावद्याला नेलं नाही. त्यानंतर तिनं जमणार नसल्याचा निरोप कधी पाठवला नाही. माझा तिला आणायला जायचा नेम मात्र चालूच आहे.

शैलानं एकदा घाईत त्या ताटात पाहुण्याला वाढलं, तर धाकट्यानं ओरडून घर डोक्यावर घेतलं, "आत्याचं आहे ते!" गावाहून निघालेल्यांनो आणि गावी राहिलेल्यांनो, घर कुठं आहे असं मला कोणी विचारलं, तर पूर्वी मी गावाचं नाव सांगायचो. आता भाड्याच्या या दोन खोल्यांचा पत्ता देतो. येताना ताट आणू नका. कळवून या, म्हणजे तुमच्यापुरतं एक घेऊन ठेवीन.