दातात धरलेला दोरा

इडलीचं भांडं गॅसवर होतं आणि ह्यांना, मार्तंडना, मोजे सापडत नव्हते. "माझ्या कपाटात तुमचे मोजे कसे येतील?" असं मी म्हणतेय, तोच दारावर थाप पडली. बेल सोडून थाप. आणि मग तो हात दारावरून खाली घासत गेल्याचा आवाज.

समोरच्या घरातली शकु उभी होती. तोंडावर टॉवेल दाबलेला, मूळचा पिवळा असावा. कुडता गुडघ्यापर्यंत रक्ताने भिजलेला. मागे तिची सासू, जानकीमावशी, स्टीलची वाटी दोन्ही हातांत धरून उभ्या होत्या.

"वहिनी, रिक्षा," शकु म्हणाली. "चावला तो."

टॉवेल जरासा सरकला आणि मला दिसलं. नाकाचा शेंडा आणि डावी नाकपुडी जागेवर नव्हती. तिथे लाल भोक होतं, आणि ती श्वास सोडी तेव्हा त्यात बुडबुडा येई. मी वाटीत पाहिलं. कोलंबीला हळद-मीठ लावून ठेवतात ना, तसा एक तुकडा हळदीत घोळवलेला होता.

त्यांच्या उघड्या दारातून नळाचा आवाज येत होता. शकुचा नवरा नितेश बेसिनवर चूळ भरत होता. चूळ थुंकून ओरडला, "जा, आता दाखव गावभर तोंड! नवऱ्या नटवायला जातेय भवानी!"

मार्तंड अनवाणीच खाली धावले.

शकु मूळची कुडाळकडची. लग्न करून मुलुंडला आली तेव्हा बायका पैसे देऊन भुवया कोरून घेतात, हेच तिला हसू येण्यासारखं वाटायचं. मग स्टेशनजवळच्या एका पार्लरमध्ये झाडू मारता मारता शिकली, आणि पुढे लाल बॅग खांद्याला लावून घरोघरी जाऊ लागली. आमच्या तीन बिल्डिंगींतल्या बायकांच्या भुवया तिच्या हातच्या. दोऱ्याचं एक टोक दातात, बोटांत पीळ, आणि चेहरा आपल्या चेहऱ्यावर इतका ओणवा की तिच्या पापण्या मोजता याव्यात. आपला श्वास गिऱ्हाइकाच्या तोंडावर पडतो म्हणून ती आधी चिमूटभर बडीशेप चावायची. दोरा दातात असला तरी बोलणं चालूच. "वहिनी, ही मिशी दादांना देऊन टाका, त्यांची विरळच आहे." मार्तंड आतल्या खोलीतून खाकरायचे.

लग्नसराईत तिला नवरीच्या मेकपची कामं यायची. पहाटे निघावं लागे. नितेशला ते खपत नसे. कोण न्यायला येतो, किती वेळ लागतो, हसलीस कुणाशी? आधी शिव्या, मग थपडा, मग एकदा गरम इस्त्री दंडावर. शकु लांब बाह्यांचे कुडते घालू लागली. त्या सकाळी गोरेगावची नवरी होती. नवरीच्या भावाने फोन केला, ताई, गाडी निघाली आहे. नितेशने फोन भिंतीवर आपटला. शकुने तरी बॅग उचलली. तेव्हा त्याने तिचे केस मुठीत धरले, डोकं दारावर दाबलं आणि तोंड जवळ आणलं.

"मला वाटलं, मुका घेतोय," तिने मला नंतर सांगितलं. "मारून झालं की घ्यायचा. मी सवयीने डोळे मिटले."

हॉस्पिटलमध्ये कॅज्युअल्टीच्या दारातच जानकीमावशींनी सुरू केलं, "आडाळ्यार पडली गो बाय. नारळ खवताना." आडाळा म्हणजे त्यांच्याकडची विळी, पुढे नारळ खवायचे लोखंडी दात असलेली. म्हातारीने रिक्षात बसून विचार करून काढलेलं असणार. मुलगा एकच, नवरा गिरणी बंद पडल्यावर खंगून गेलेला.

प्लास्टिक सर्जरीच्या डॉक्टर उत्तरा जखम बघत होत्या. शकुच बोलली, गॉजमधून.

"आडाळ्याक खालचेच दात आसतत, आये. वरचे खंयचे?"

नाकाच्या दोन्ही बाजूंना, वर आणि खाली, दातांची ओळ स्पष्ट उमटली होती. मावशी वाटी पुढे करून, मुलाला पाठीशी घालायचं सोडून म्हणाल्या, "माझ्या झिलान तोडल्यान. ह्यो तुकडो. शिवा."

डॉक्टरांनी वाटी उजेडात धरली. "हळद कुणी लावली?"

"मी. हळदीन घाव भरता ना?"

"मावशी, हा स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून, पिशवीत बांधून, पिशवी बर्फावर ठेवून आणायचा होता. दाताने तुटलेला तुकडा तसाही क्वचितच जगतो. पण आता प्रयत्नसुद्धा करता येणार नाही."

मावशींनी वाटीवर पदर झाकला. "मगे ह्यो खंय टाकू?" त्यांनी विचारलं.

पोलिसांनी त्याच दिवशी नितेशला उचललं. पुढे जामीन झाला. बिल्डिंगजवळ फिरकायचं नाही, ही अट होती. आपल्या भाषेत नाकावर ढीगभर म्हणी आहेत. आमच्या मजल्यावर त्यानंतर कुणी त्यातली एकही वापरली नाही.

माणसाचा चावा म्हणजे घाणेरडी जखम. ती स्वच्छ होऊन भरेपर्यंत थांबावं लागलं. मग एके दिवशी उत्तरा मॅडमनी शकुला, मावशींना आणि मला समोर बसवून पर्याय सांगितले. एक, सिलिकॉनचं नाक. रोज सकाळी चिकटवायचं, रात्री काढायचं. कापाकापी नाही.

"घामाने सुटलं आणि नवरीच्या ओटीत पडलं तर?" शकु म्हणाली. "नको. दुसरं?"

दुसरं म्हणजे कातडीचं ठिगळ. सोपं, पण नाकपुडीला आकार येत नाही, रंगही वेगळा दिसतो. तिसरं, कपाळाची कातडी कापून, फिरवून नाकावर आणायची. आत आधाराला बरगडीची कूर्चा. तीन ऑपरेशनं. कपाळावर व्रण कायमचा.

"कपाळाची शेड नाकाला मॅच होते," शकु स्वतःशीच म्हणाली. "पण मॅडम, माझं कपाळ बोटभर."

"म्हणून पट्टीत केसांखालची कातडीही घ्यावी लागेल, शेंड्यावर थोडे केस येऊ शकतील."

"मग धंद्यालाच आहे की! स्वतःचं थ्रेडिंग फुकट." ती हसली आणि हसताना भोकातून शीळ वाजली, तशी गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, मला सुंदर नाही व्हायचं. माझं तोंड बायकांच्या तोंडावर ओणवतं. त्यांनी घाबरू नये, एवढं करा."

तिसरं ठरलं.

पहिल्या ऑपरेशननंतर मी तिला वॉर्डमध्ये पाहिलं. कपाळ मधोमध उभं चिरलेलं. भुवईपासून कातडीची जाडजूड पट्टी पीळ देऊन नव्या नाकापर्यंत आलेली, कडेने रक्त पाझरणारी. डोळे सुजून चिरा झालेले, बरगडीखाली टाके. शकुने ओठ हलवले. "सोंड आली, वहिनी. मोदक आणा."

ती सोंड तीन आठवडे ठेवायची होती. नव्या नाकाला रक्त तिच्यातूनच मिळत होतं. ती दुमडली, ओढली गेली, तर नाक काळं पडून गळणार, आणि कपाळ पुन्हा कापता येणार नाही, असं मॅडमनी निक्षून सांगितलं होतं. शकु उशांना टेकून बसल्याबसल्या झोपायची. खाली वाकायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून. जानकीमावशी सलाइनमध्ये कापूस बुडवून कडा पुसायच्या, मलम लावायच्या. हळदीचा डबा त्यांनी घरातूनच हद्दपार केला होता. आमटी पांढरी व्हायची.

पट्टी कापायचे दिवस जवळ आले होते. दुपारची वेळ. बेल वाजली, आणि औषधं आली असतील म्हणून शकुने आतलं दार उघडलं. सेफ्टी डोअरच्या पलीकडे नितेश होता.

मी माझ्या दारातून पाहिलं, तोवर त्याचा हात गजांतून आत गेलेला होता. शकुच्या गाऊनचा गळा मुठीत होता. "हे काय लोंबवलंयस? मला तुरुंगात घालून नवं नाक लावतेस?" त्याने तिला गजांवर खेचलं. ती दोन्ही हातांनी कपाळ झाकून मान मागे ताणत होती. त्याने गळा सोडला आणि बोटं वर नेली. सोंडेला लागली.

मी त्याच्या शर्टाला मागून धरून ओढलं. त्याने कोपर मारलं ते माझ्या दातांवर बसलं, मी जिन्याच्या कठड्यावर आपटले. आणि तेव्हाच आत काहीतरी जड वर उचललं गेलं.

मावशींच्या हातात पाट्यावरचा वरवंटा होता. त्यांनी तो मुलाच्या हातावर घातला. सुकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. नितेश "आये!" म्हणून किंचाळला. त्यांनी पुन्हा घातला. मोडलेला हात गजांत अडकला होता, तो मागे घेता येईना, आणि म्हातारी मारत राहिली, प्रत्येक घावाला एकच वाक्य म्हणत: "आये म्हणा नको. आये म्हणा नको."

शकुनेच त्यांना मिठी मारून थांबवलं, मान मागे ठेवून.

वॉचमन आला, पोलीस आले. अट मोडली म्हणून नितेशचा जामीन गेला. आम्ही शकुला तशीच हॉस्पिटलला नेलं. एक टाका उसवला होता, पट्टीची कड निळसर झाली होती. मॅडमनी नव्या नाकावर बोट दाबून सोडलं. पांढरं झालं. आम्ही तिघी बघत राहिलो. मग हळूहळू गुलाबी रंग परत आला.

"जगेल," मॅडम म्हणाल्या.

मावशींनी तेव्हा कुठे विचारलं, "आणि तेचो हात?"

पट्टी ठरल्या वेळी कापली. नंतर नाकाची जाडी कमी केली. आता शकुला नाक आहे. जरा ठोकळ आहे, डावी नाकपुडी बारीक, कपाळावर उभी पांढरट रेघ. श्वास नीट येतो, शीळ वाजत नाही. शेंड्यावर खरंच दोन-तीन केस येतात, ते ती उपटते. लाल बॅग पुन्हा खांद्याला लागली.

बायका बोलावतात तिला. वाईट कुणीच बोलत नाही. पण तिने दोरा दातात धरून तोंड जवळ आणलं की डोळे गच्च मिटतात, मान ताठ करतात. भुवयांना डोळे मिटायचेच असतात, पण वरच्या ओठालाही मिटतात. परवा तर एकीने डोळ्यांवर रुमालच घेतला, म्हणे उजेड लागतो.

आज सकाळी ती माझ्याकडे आली. मला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं, बडीशेप चावली, दोरा तोडला. एक टोक दातात धरलं आणि माझ्या वरच्या ओठावर ओणवली. माझेही डोळे मिटायला लागले. मग टोक पुन्हा हातात घेतलं.

"वहिनी," ती म्हणाली, "डोळे उघडे ठेवा."